दुसरं पातं

साळवीबाई गेल्या हे मला दुखवट्याच्या ठरावावरून कळलं. गेल्या महिन्यात पेन्शनच्या एका कागदासाठी जुन्या कचेरीत गेलो होतो. माझ्या जागेवर आता लिमये बसतात. त्यांनी चहा मागवला आणि "पाटणकर, तुमच्या हाताखालून असे पुष्कळ गेलेत, जरा भाषा बघता का?" म्हणत एक कागद पुढे सरकवला. 'मंडळाच्या माजी परिचारिका श्रीमती इंदिराबाई साळवी यांच्या दुःखद निधनाबद्दल…' इथपर्यंत वाचून मी थांबलो. कधी गेल्या, विचारलं. "पंधरा दिवस झाले की! खडवलीला, बहिणीकडे. तुम्हाला कळवलं नाही कुणी?" नव्हतं कळवलं. मग पुढची ओळ वाचली. 'त्या अत्यंत मृदुभाषी व आज्ञाधारक सेविका होत्या.' मृदुभाषी! ज्यांचा आवाज व्हरांड्यात ऐकू आला की समितीचे अध्यक्ष पानाचा डबा मिटून सरळ बसायचे, त्या साळवीबाई मृदुभाषी! खरं सांगतो, डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझं डोकं फिरलं. ही ओळ खोडा, असं मी लिमयांना म्हणालो. ते हसले. "अहो, दुखवट्यात असंच लिहितात." असंच लिहितात हे मला कुणी शिकवायला नको. इतकी वर्षं मीच लिहीत आलो… आणि हा लेख लिहायला बसलो त्याचं कारणही तेच आहे.

मंडळाचं नाव लिहीत नाही. त्यातली बरीच माणसं हयात आहेत, आणि माझं भांडण त्यांच्याशी कमी, स्वतःशी जास्त आहे. ठाणे आणि कल्याणच्या दरम्यानची, खाडीच्या काठची बरीच गावं आमच्याकडे होती. भातावर आणि मिठावर जगणारी. मी आरोग्य समितीचा लेखनिक. म्हणजे सभेत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचं, सभासद बोलतील ते टिपायचं आणि दोन दिवसांनी त्याचं स्वच्छ अक्षरात इतिवृत्त करून अध्यक्षांच्या सहीला ठेवायचं. माझं अक्षर चांगलं होतं आणि त्याचा मला थोडा गर्वही होता.

स्वातंत्र्याला तेव्हा वर्ष-दीड वर्ष झालं असेल. कल्याणपलीकडच्या छावणीत निर्वासितांची रीघ लागलेली, सगळीकडे रेशनच्या रांगा, आणि आमच्या आरोग्य खात्यात एक डॉक्टर, एक कंपाउंडर आणि मंजूर होऊन रिकामी पडलेली परिचारिकेची जागा. त्या जागेवर बाई आल्या. गुहागरकडच्या, चाळिशीच्या आतबाहेरच्या, विसाव्या वर्षी विधवा होऊन मुंबईला नर्सिंग शिकलेल्या. पांढरं पातळ, पायात जाड तळव्याच्या वहाणा, खांद्याला खाकी पिशवी. मी म्हणालो, "बसा, हजेरीचा कागद करतो." त्या म्हणाल्या, "बसते. मृत्यूची नोंदवही कुठे आहे?" मला वाटलं, बाई विक्षिप्त दिसते. नोंदवही घेऊन त्या खिडकीपाशी बसल्या आणि कचेरी बंद होईपर्यंत उठल्या नाहीत. गावोगावचे पोलीस पाटील जे कळवत ते त्या वहीत उतरत असे. कारणाच्या रकान्यात तापापासून देवाज्ञेपर्यंत काहीही. बाईंनी कारणाचा रकाना पाहिलाच नाही. त्या फक्त वय पाहत होत्या. "पाटणकर, इकडे या," त्यांनी हाक मारली. "ही बघा. सात दिवस. आठ दिवस. नऊ दिवस. पुन्हा आठ. ही मुलं देवाज्ञेनं जात नाहीत हो, देवाला काय दिवस मोजता येतात? हा धनुर्वात आहे. नाळ ज्यानं कापतात ते लोखंड बघायला हवं." ती वही गेली कित्येक वर्षं मीच भरत होतो. मला ते आठ-आठ दिवस कधी दिसले नव्हते.

डॉक्टरांनाही ते पटलं. डॉक्टर वाईट नव्हते, फक्त दवाखान्याबाहेर न पडणारे होते. त्यांनी ठराव तयार केला तो असा, की गावच्या सुइणींना बाळंतपण करायला बंदी घालावी आणि ऐकलं नाही तर दंड करावा. बाई तो कागद घेऊन थेट त्यांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं, बाहेर आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. "बंदी घाला. मग भर भरतीला खाडीपलीकडच्या बाईला कळा आल्या तर कोण जाणार? तुम्ही जाल? होडीत बसता येतं का तुम्हाला?" डॉक्टरांना होडीत बसता येत नव्हतं. चार दिवसांनी नवा कागद आला: सुइणींना दंड करून घालवायचं नाही, त्यांनाच शिकवायचं. प्रत्येकीला एक पत्र्याची डबी द्यायची. तिच्यात उकळलेला दोरा, स्वच्छ फडक्याचा तुकडा आणि कागदात गुंडाळलेलं, दाढीला वापरतात तसलं एक कोरं पातं. दर बाळाला नवीन पातं, वापरून झालं की पुरून टाकायचं. योजना मंजूर झाली. ठरावात 'वैद्यकीय अधिकारी यांनी मांडलेली योजना' असे शब्द आहेत. तेही माझ्याच अक्षरात.

दवाखान्याच्या ओट्यावर सुइणींचे वर्ग सुरू झाले. पहिल्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेलो. खाडीकाठच्या एका गावची चांगुणाबाय नावाची सुईण होती. काटक, मिशेरीनं दात काळे झालेली, आगरी बायका नेसतात तसं गुडघ्यापर्यंतचं लुगडं. ती बसायलाच तयार नव्हती. "नरसबाय, मी तुजेपक्षी जास्ती पोरा काडलीत. तू मना क शिकवनार?" बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. बाई म्हणाल्या, "म्हणून तर तुम्हाला बोलावलं. आडवं मूल तुम्ही कसं फिरवता ते मला दाखवा. मला नाही येत." चांगुणाबाय फतकल मारून बसली. त्या दिवशी कोण कुणाला शिकवत होतं ते सांगणं कठीण आहे. संध्याकाळी डब्या वाटल्या. चांगुणाबायनं तिची डबी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली. बाई खूश झाल्या. आज वाटतं, तेव्हाच आम्हाला काहीतरी कळायला हवं होतं.

कारण मुलं जातच राहिली. तीच गावं, तेच दिवस. सात, आठ, नऊ. डॉक्टर म्हणाले, "मी सांगत नव्हतो? या बायका शिकणाऱ्यांतल्या नाहीत." समितीत कुणीतरी पिल्लू सोडलं, की सुइणी पाती बाजारात विकत असतील. मग अध्यक्षांनी मला बाईंबरोबर साठा तपासायला पाठवलं. मिठागराच्या बांधावरून, चिखल चुकवत आम्ही चांगुणाबायच्या गावी पोचलो. घरात शुकशुकाट होता. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि आदल्या दिवशी तिचं बाळ गेलं होतं. आठ दिवसांचं. जबडा धरला, दूध ओढेना, मग झटके… बाळंतपण चांगुणाबायनंच केलं होतं.

बाईंनी डबी मागितली. दोरा वापरलेला होता, फडकं वापरलेलं होतं. पातं नव्हतं. "पातं कुठे आहे?" चांगुणाबायनं कोनाड्याकडे बोट केलं. तिथे पाटीच्या तुकड्यावर तांदूळ होते, वाळलेली फुलं होती, आणि मधोमध ते पातं, हळदकुंकू लावलेलं. अगदी लखलखीत होतं. त्यानं काहीच कापलेलं नव्हतं.

"नाळ कशानं कापलीत?"

"इल्यान. रोजचे सारी." म्हणजे विळ्यानं, नेहमीसारखी. बाईंचा चेहरा बघून ती घाबरली. "बाय, तू इतका कोरा पाता दिलास, त्यो रगतान कसा बुडवाचा? पाचवीला सटवायचे म्होरं ठेवला. उष्टा लोखंड ठेवला तं ती पोराचा नशीब कसा लिवल?"

बाई जमिनीवर बसल्या. मी वाट पाहत होतो, आता आवाज चढेल. तो चढला नाही. त्यांनी चांगुणाबायच्या लेकीला जवळ घेतलं. परतताना बांधावर मला म्हणाल्या, "चूक माझी आहे. नाळ कशानं कापता ते विचारलं, पाचवीला काय मांडता ते नाही विचारलं. तुमच्याकडे काय मांडतात हो?" मी म्हणालो, आमच्याकडे कागद आणि बोरू. सटवाईनं लिहायला. "वापरलेला बोरू?" छे, कोरा. "मग? तुमच्या आईनं जे केलं तेच चांगुणाबाईनं केलं. तुमच्या बोरूनं कुणी मरत नाही, इतकंच."

त्या आठवड्यापासून बाईंनी शिलकी साठ्यातून चांगुणाबायच्या डबीत दोन पाती घालायला सुरुवात केली. एक नाळेचं, एक पाचवीचं. शिकवायचं म्हणून त्यांनी एवढंच सांगितलं, की आधी बाळाचं, मग देवीचं. काही महिने गेले. चांगुणाबायच्या हातचं एकही मूल आठव्या दिवशी गेलं नाही. बाईंनी शेजारच्या दोन गावांत तेच केलं, तिथेही गेलं नाही. मग त्यांनी समितीपुढे अर्ज केला: योजनेत बदल करून दर बाळंतपणाला दोन पाती मंजूर करावीत, सगळ्या गावांसाठी. साधी एका ओळीची मागणी. तो अर्ज मीच त्यांना लिहून दिला होता, आणि हे हसत-खेळत मंजूर होईल असं मी त्यांना म्हणालोही होतो. माझ्या अंदाजाबद्दल याहून जास्त काय सांगावं!

ती सभा मला शब्दन् शब्द आठवते. परिचारिकेला सभेत बसायची मुभा नव्हती, म्हणून बाई दाराशी उभ्या होत्या. आमच्या समितीत एक मास्तर होते. माणूस सुधारक, खादीधारी, मनानं निर्मळ. सगळ्यात आधी तेच उठले. "म्हणजे सटवाईच्या पूजेचं साहित्य आता सार्वजनिक पैशांतून पुरवायचं? आपण अंधश्रद्धा घालवायला निघालोत की तिला खतपाणी घालायला?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मिठागरवाले एक सभासद होते, त्यांना युक्ती सुचली. "अहो, त्या पात्याला दोन बाजूंनी धार असते. मधून मोडायचं, एकाची दोन होतात. आमचा न्हावी तेच करतो." सभेत हशा पिकला. अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं, काय बाई, चालेल का?

"नाही चालणार," बाई म्हणाल्या. "मोडकं देवापुढे ठेवत नाहीत. तुम्ही ठेवाल का तुमच्या देव्हाऱ्यात?" हशा थांबला. मग त्या मास्तरांकडे वळल्या, आणि आवाज न चढवता बोलल्या. "मास्तर, सटवाई आहे की नाही ते तुम्ही आणि चांगुणाबाई बघून घ्या. मी पूजेसाठी पातं मागत नाही, नाळेसाठीच मागते आहे. त्या बायकांच्या हातात एकच कोरं पातं दिलंत तर त्या ते देवीला देणार, कारण तसं केलं तरच मूल जगतं अशी त्यांची खात्री आहे. दोन दिलीत तर एक बाळाला मिळेल. मी हे तीन गावांत करून बघितलं आहे. पाचवी बंद व्हायला पन्नास वर्षं लागोत. तोवर किती मुलं घालवायची, तेवढं ठरावात लिहा."

मास्तर चष्मा पुसत होते. मला वाटलं, जिंकलं. मग अध्यक्ष खाकरले आणि म्हणाले, विषय धोरणाचा आहे, जिल्ह्याकडे अभिप्रायासाठी पाठवू. सुटल्यासारखे सगळे चहाकडे वळले.

आता माझी गोष्ट. दोन दिवसांनी मी इतिवृत्त लिहायला बसलो. नियम असा होता, की इतिवृत्तात सभासदांचं बोलणं यावं. नोकरानं काही सांगितलं तर त्याचा तपशील देऊ नये. मास्तरांचं भाषण मी पाऊण पान लिहिलं. पातं मोडायची युक्तीसुद्धा 'उपयुक्त सूचना' म्हणून लिहिली. आणि त्यानंतर माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं: 'परिचारिकेने खुलासा केला.' बस्स. तीन शब्द. तीन गावांत काय झालं ते नाही, एक पातं देवीला का जातं ते नाही. मला कुणी तसं लिहायला भाग पाडलं नव्हतं. टोचलं मात्र होतं, थोडंसं. पण सवय मोठी वाईट असते, हात चालतच राहतो.

जिल्ह्याच्या ज्या साहेबांकडे फाइल गेली ते आमच्या सभेला थोडेच होते? त्यांनी कागद वाचले आणि शेरा मारला: 'दुसऱ्या पात्याची आवश्यकता दर्शविणारे कोणतेही कारण कागदपत्रांत आढळत नाही. मागणी अमान्य.' आणि कारण कागदपत्रांत खरोखरच नव्हतं. शेरा घेऊन बाई माझ्या टेबलाशी आल्या. इतिवृत्त काढून वाचलं. मी तयारीत होतो, नियमाचं पुस्तक जवळच ठेवलं होतं. बाईंनी त्या तीन शब्दांवर बोट ठेवलं. "पाटणकर, माझं बोलणं कुठे गेलं?" मी नियम दाखवला. त्यांनी तो वाचला. "तुम्ही माझ्याबरोबर चांगुणाबाईच्या घरी आला होतात," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. त्यापुढे वर्षभर आमचं बोलणं कामापुरतं. नंतर त्यांनी बोलायला सुरुवात केली, चहाही घेऊ लागल्या. पण अर्ज लिहायला माझ्याकडे कधीच आल्या नाहीत.

त्यांनी पुन्हा अर्ज केलाच नाही. कल्याणच्या बाजारातून त्या पाती स्वतः आणायला लागल्या. एकदा मीही त्या दुकानात होतो. दुकानदार म्हणाला, "बाई, एवढे दाढीवाले कोण हो तुमच्याकडे?" आणि बाई शांतपणे म्हणाल्या, "आहेत. परवाच जन्मलेत." मला हसू आलं, पण ही थट्टा तिथेच राहिली नाही. डोंबिवलीत ज्या चाळीत त्या एकट्या राहत तिथे कुजबुज सुरू झाली, आणि एक दिवस कचेरीत निनावी पत्र आलं. विधवा बाई, घरात पुरुषांची दाढीची पाती, मंडळानं चौकशी करावी वगैरे. पत्र आधी माझ्याच टेबलावर आलं. आवक नोंदवहीत न चढवता मी ते फाडलं आणि घरी नेऊन चुलीत घातलं. नोकरीत नियमाबाहेर केलेली माझी ती एकमेव गोष्ट. ती केल्यावर लक्षात आलं, की हे इतकं सोपं होतं. मग आधीच का नाही केलं, हा विचार अजून पिच्छा सोडत नाही.

पायांची दुखणी वाढली तेव्हा बाईंनी नोकरी सोडली. पायी होतील तेवढीच गावं त्या सांभाळू शकल्या. पलीकडच्या गावांसाठी ठराव हवा होता, आणि तो झाला नाही. आजही योजना चालू आहे, छापील पत्रकानुसार डबीत एकच पातं असतं. मधल्या काळात मास्तर एकदा मला भेटले होते. म्हणाले, त्या बाईचं म्हणणं बरोबर होतं असं वाटतं हो, पण फाइलीत काही आलं नाही ना पुढे.

परवा चांगुणाबायकडे जाऊन आलो. बाई गेल्याचं तिला कुणी सांगितलं नसेल असं वाटलं, आणि नव्हतंच सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली आणि पदर डोळ्यांना लावून हमसून हमसून रडली. मग आतून डबी आणून दाखवली. दोन पाती, वेगवेगळ्या कागदांत. "नवी नरसबाय एकच दिते. दुसरा मीच आनते, कल्यानशी." आत भिंतीशी एक तरुण मुलगी टेकून बसली होती, छाती ओल्या फडक्यानं आवळून बांधलेली, नजर जमिनीवर. चांगुणाबायच्या भावाची लेक. खाडीपलीकडे दिली होती. "तितली सुईन एकच पाता जानते," चांगुणाबाय हळू आवाजात म्हणाली. "परवाचे दिशी गेला पोर. आठ दिसांचा."

मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं, की बाईंनी पलीकडच्या गावांसाठीही दुसरं पातं मागितलं होतं, भर सभेत, सगळ्यांसमोर; पण त्यांचं बोलणं कागदावर आलं नाही, म्हणून वरच्या साहेबांनी नाकारलं. चांगुणाबायला हे ठाऊक नव्हतं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"तू व्हतास तितं?"

"होतो."

"लिवाचा काम तुजाच ना?"

"माझंच."

"मंग तिचा बोलना तू का नाय लिवलास?"

त्या मुलीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नियमात बसत नव्हतं, हे उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. तिच्यासमोर ते मला देता आलं नाही.